नव्या वर्षाचा हिशोब: आधी श्रीशिल्लक मांडा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नवीन वर्ष लागलं की तुमच्या पुरवणीत संकल्पांचं पान येतं. यंदाही आलं, आणि त्यात जिम, लवकर उठणं, साखर सोडणं यांच्या खालोखाल घरखर्चासाठी एखादं सॉफ्टवेअर नाहीतर ॲप वापरायला लागा असा सल्ला होता. सल्ला चांगलाच आहे, माझी तक्रार नाही. पण तो वाचून ज्यांनी १ जानेवारीला उत्साहात ॲप टाकलंय त्यातले बरेचसे संक्रांतीचे तिळगूळ संपायच्या आत ते सोडून देणार, हे मी खात्रीने सांगते कारण सलग तीन वर्षं जानेवारीत सुरू केलेलं मीही असंच मध्येच सोडलंय.

मी वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीत अकाउंट्स बघते, बावीस वर्षं झाली, टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर म्हणजे माझ्या बोटांना पाठ आहे, कुणाचं खातं कुठे जुळत नाही हे मला नुसता ताळेबंद बघून वास आल्यासारखं कळतं. आणि घरी? घरी दिव्याखाली अंधार. मिस्टरांचा पगार एका बँकेत, माझा दुसऱ्या, होमलोन तिसऱ्या, सासूबाईंची पेन्शन चौथ्या, वर दोन क्रेडिट कार्डं, आणि महिनाअखेरीला आम्ही दोघं एकमेकांकडे बघून म्हणतो, गेले कुठे?

पहिल्या वर्षी, म्हणजे २०२३ च्या जानेवारीत, मी मोबाइलमधले मेसेज वाचून आपोआप हिशोब करणारं एक ॲप घेतलं, नाव सांगत नाही. महिनाअखेर त्याने मोठ्या थाटात गोल चित्र काढून दाखवलं की आमचा जानेवारीचा खर्च १ लाख ९६ हजार झाला. आमचे दोघांचे पगार मिळून तेवढे नाहीत हो! मग खोदून बघितलं तर लक्षात आलं की मी मिस्टरांच्या खात्यात पाठवलेले पैसे त्याने खर्च धरले, क्रेडिट कार्डावर केलेली खरेदी खर्च धरली आणि मग कार्डाचं बिल भरलं तेही परत खर्च धरलं, एटीएममधून दहा हजार काढले ते खर्च आणि त्यातलेच पैसे मी हाताने भाजी-दूध म्हणून टाकले तोही खर्च. ऑफिसात एखाद्या नव्या मुलाने असं केलं असतं तर त्याला समोर बसवून काँट्रा एंट्री (आपल्याच एका खात्यातून दुसऱ्यात पैसे हलवल्याची नोंद) म्हणजे काय ते शिकवलं असतं, ॲपला कोण शिकवणार. पुढे सहा महिन्यांनी ते ॲप वर्षाची वर्गणी मागायला लागलं, आणि माझी माहिती बाहेर काढून द्या म्हटलं तर तशी सोयच नव्हती.

दुसऱ्या वर्षी मी ठरवलं की आता नीट करायचं, कॉम्प्युटरवर करायचं, आणि सुरुवातीपासून करायचं. इथेच चुकले. सुरुवातीपासून म्हणजे २०१८ पासून! चार खात्यांची सहा वर्षांची स्टेटमेंट डाउनलोड केली, रविवार दुपार म्हणजे माझी आणि लॅपटॉपची. एका बँकेचं स्टेटमेंट पीडीएफमध्ये, त्याला पासवर्ड, आकडे कॉपी केले की सगळे एकाच रकान्यात. दुसरीचं सीएसव्हीमध्ये, म्हणजे स्वल्पविरामाने रकाने पाडलेल्या साध्या फाइलमध्ये मिळालं, वाटलं सुटलो, तर त्यात १,२५,००० ही रक्कम अवतरण चिन्हाशिवाय लिहिलेली, त्यामुळे स्वल्पविरामाला तोडून तिचे तीन रकाने झाले, एकात १, दुसऱ्यात २५, तिसऱ्यात शून्यं. तारखांचं तर विचारूच नका. सॉफ्टवेअरची सेटिंग अमेरिकन होती, महिना आधी आणि दिवस नंतर, त्यामुळे ३ एप्रिल झाला ४ मार्च, आणि बारा तारखेच्या पुढचे सगळे व्यवहार त्याने नाकारले कारण तेरावा महिना कुठून आणायचा. होळीपर्यंत मी २०१९ च्या गणपतीपर्यंत पोचले होते. मग मुलीची परीक्षा आली आणि ते राहिलं ते राहिलंच.

तिसऱ्या वर्षी उलटं टोक. मागचं काही नको, आज खर्च केला की आज लिहायचं, पै न पै. गावदेवी मार्केटला कोथिंबीर दहा रुपये, तीन हात नाक्यापर्यंत शेअर रिक्षा, ऑफिसात कुणाच्या तरी वाढदिवसाची वर्गणी पन्नास. बारा तारखेला दमले. त्या बारा दिवसांत सगळ्यात मोठा खर्चाचा प्रकार कुठला निघाला माहितीय का, "इतर".

आता खरं सांगायचं ते सांगते, त्यासाठीच हे पत्र. माझ्या आजोबांचं शहापूरला किराणा दुकान होतं. ते दिवाळीत लाल कापडाच्या बांधणीची नवीन वही आणायचे, लक्ष्मीपूजनाला तिची पूजा व्हायची, आणि पाडव्याला पहिल्या पानावर वर स्वस्तिक, त्याखाली जमेच्या बाजूला पहिली ओळ, श्रीशिल्लक, म्हणजे हातात उरलेली रोकड, अमुक इतके. बस. मागच्या वहीत कुणी किती साबण नेले, गूळ काय भावाने आला, हे काही नव्या वहीत उतरवत बसायचे नाहीत. तिजोरीतले पैसे दोनदा मोजायचे, ते लिहायचे, आणि उधारीच्या वहीतून प्रत्येकाची फक्त बाकी पुढे ओढायची, "मागील बाकी" म्हणून. जुनी वही कापडात गुंडाळून माळ्यावर. लागली तर काढायची, पण तिच्यात पुन्हा लिहायचं नाही.

ही गोष्ट मला लहानपणापासून माहीत, ऑफिसात टॅलीला दर १ एप्रिलला तेच होतं, क्लोजिंग बॅलन्स पुढच्या वर्षाचा ओपनिंग होतो, आणि तरी घरच्या वेळेला मला वाटत राहिलं की नवी सुरुवात म्हणजे एकतर सगळा इतिहास उतरवून काढायचा नाहीतर सगळा फेकून द्यायचा. दोन्ही नाही. एक तारीख ठरवायची आणि त्या तारखेला आपल्याकडे काय आहे आणि आपण कुणाचं काय देणं लागतो ते खरं खरं लिहायचं. एवढं जमलं की पुढे कुठलंही सॉफ्टवेअर चालेल, अगदी एक्सेलसुद्धा. मी यंदा ग्नूकॅश घेतलंय, ते फुकट आहे, १९९८ पासून चालू आहे, आपल्याच कॉम्प्युटरवर राहतं आणि जमा-नावे अशी दुहेरी नोंद करतं, म्हणजे पैसा कुठून निघाला आणि कुठे गेला दोन्ही सांगितल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. दिसायला मात्र जुन्या सरकारी ऑफिससारखं आहे, मुलगी म्हणाली आई हे काय वापरतेस.

तारीख कुठली? आपल्याकडे नवीन वर्षांना तोटा नाही. १ जानेवारी आहे, गुढीपाडवा आहे (आमच्या इथे कौपिनेश्वराची स्वागतयात्रा बघितल्याशिवाय वर्ष लागल्यासारखं वाटतच नाही), व्यापाऱ्यांचा दिवाळी पाडवा आहे आणि आयकरवाल्यांचा १ एप्रिल आहे. घरच्या हिशोबाला मी १ एप्रिल म्हणते, आणि कारण भावनेचं नाही, कागदाचं आहे. पगारावरच्या करकपातीचा फॉर्म १६, बँकेचं व्याजाचं सर्टिफिकेट, होमलोनचं मुद्दल-व्याजाचं विवरण, आयकराच्या पोर्टलवरचं एआयएस म्हणजे आपल्या वर्षभराच्या उत्पन्न-व्यवहारांचं विवरण, सगळं एप्रिल ते मार्च येतं. पीपीएफचं व्याज ३१ मार्चला जमा होतं. तुम्ही जानेवारी ते डिसेंबर हिशोब ठेवला तर जुलैमध्ये रिटर्न भरताना पुन्हा तोडजोड करत बसावं लागतं. त्यात १९६१ चा कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात प्रीव्हियस इयर (ज्या वर्षी कमावलं ते) आणि असेसमेंट इयर (ज्या वर्षी त्यावर कर ठरतो ते) ही जोडगोळी जाऊन एकच टॅक्स इयर आहे, ज्या जोडगोळीने माझ्या नात्यातल्या निम्म्या लोकांना आयुष्यभर चुकीच्या वर्षाचं चलान भरायला लावलं.

मग आत्ता जानेवारीत काय करायचं, हात बांधून बसायचं? नाही, आत्ता रंगीत तालीम करायची. आत्ताच्या अंदाजे शिल्लका टाकून सुरू करा, तीन महिने चुका, प्रकार वाढवा-कमी करा, वैतागा, आणि ३१ मार्चला ती फाइल तालमीची म्हणून बाजूला ठेवून १ एप्रिलच्या खऱ्या शिल्लकेने दुसरी उघडा. मला तालमीत कळलं की खर्चाचे चाळीस प्रकार ठेवले तर एकही धड भरला जात नाही, आता बारा आहेत. कोथिंबीर वेगळी लिहीत नाही. आठवड्याला रोख किती काढली आणि पर्समध्ये किती उरली एवढंच बघते, मधला फरक घरखर्च.

खात्यांची यादी करायला मी एक रविवार घेतला आणि हा मात्र सगळ्यात उपयोगी रविवार ठरला. म्युच्युअल फंड आणि डिमॅट यांचं सोपं आहे, आपले शेअर डिमॅटमध्ये सांभाळणाऱ्या एनएसडीएल किंवा सीडीएसएल या संस्थांकडून ईमेलवर एकत्र स्टेटमेंट येतं, आम्ही ते कधी उघडत नव्हतो एवढंच. पीएफचं पासबुक ऑनलाइन दिसतं. पण यादी करता करता मिस्टरांना आठवलं की २००९ च्या सुमाराला तुर्भ्याला नोकरी होती तेव्हाचं एक पगाराचं खातं आहे, बंद केलंच नव्हतं. दोन वर्षं व्यवहार नाही झाला की खातं निष्क्रिय होतं आणि दहा वर्षांनी त्यातले पैसे रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत जातात, बुडत नाहीत, मागता येतात. ते शोधायला रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये उद्गम नावाचं पोर्टल काढलंय. निघाले ३ हजार ११२ रुपये. त्यासाठी केवायसी, अर्ज, दोन हेलपाटे, मिस्टर म्हणाले पेट्रोल सुद्धा निघालं नाही, पण असो. त्याच यादीत दिसलं की सासूबाईंच्या एफडीला नॉमिनी म्हणून अजून सासऱ्यांचं नाव आहे, ते जाऊन सात वर्षं झाली. आता १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेत चार नॉमिनी लावता येतात, ते काम फेब्रुवारीत करणार आहोत.

आता भिशी. हे मला कुठल्याच ॲपच्या मदतपानात सापडलं नाही आणि आमच्या सोसायटीत तर निम्म्या बायका भिशीत आहेत म्हणून जरा सविस्तर लिहिते. बहुतेक जणी दर महिन्याचे दोन हजार खर्चात टाकतात आणि ज्या महिन्यात भिशी उचलतात त्या महिन्यात वीस हजार उत्पन्न दाखवतात. दोन्ही चूक. भिशी हे खर्चही नाही आणि उत्पन्नही नाही, ते एक खातं आहे. आम्ही दहा जणी, दोन हजार प्रत्येकी, महिन्याला वीस हजार जमतात. समजा माझी चिठ्ठी तिसऱ्या महिन्यात निघाली, तर तोवर मी सहा हजार भरलेत आणि वीस मिळाले, म्हणजे मी त्या दिवशी चौदा हजार देणं लागते, आणि पुढच्या सात महिन्यांत दोन-दोन हजारांनी ते फिटतं. आणि जिची चिठ्ठी शेवटी निघते तिची ती बचत असते, नऊ महिने ती बाकीच्यांना बिनव्याजी उसने देत असते. म्हणजे एकच भिशी कुणाला कर्ज, कुणाला ठेव, आणि खात्याची बाकी उणे का अधिक यावरून ते कळतं. मी हे आमच्या भिशीत समजावून सांगितलं तर शेवटच्या नंबरवाली म्हणाली, मग मला व्याज द्या. पुन्हा काही मी तिथे हिशोबाचं बोलले नाही.

हातउसन्याचं तसंच. भावाला गावी पत्रे घालायला चाळीस हजार दिले ते खर्चात टाकले तर विसरले जातात (त्याला तेच हवंय, पण ते वेगळं). आणि होमलोनचा हप्ता पूर्ण खर्च नसतो, त्यातलं व्याज खर्च, मुद्दल म्हणजे आपलंच देणं कमी होतंय. माझा ३१ हजाराचा हप्ता, त्यातले १४ हजार मुद्दल, हे बघितल्यावर गेले-कुठेचं थोडंसं तरी उत्तर मिळालं.

सोनं आणि घर या दोन गोष्टी मात्र रुपयात लिहू नका असं माझं मत आहे. २०२५ मध्ये सोन्याने तोळ्याला लाखाचा आकडा ओलांडला, आता पाटल्या रुपयात लिहिल्या तर दर आठवड्याला आपण श्रीमंत झालो असं कॉम्प्युटर सांगेल आणि त्या भरात काहीतरी घेतलं जाईल. मी ग्रॅममध्ये लिहून ठेवलंय, तेही सासूबाईंना विचारून, त्यांनी दोन दिवस घेतले सांगायला. घराची किंमत तर घोडबंदरचा ब्रोकर फोनवर सांगतो ती वेगळी आणि विकायला गेलं की वेगळी.

जुन्या फाइलचं काय करायचं हाही प्रश्न असतोच, कारण बऱ्याच जणांकडे दहा-पंधरा वर्षांची कुठलीतरी फाइल असते. ती पुसू नका आणि नव्यात कोंबूही नका. त्यातून सीएसव्ही काढून ठेवा, वर्षाचे दोन-तीन रिपोर्ट पीडीएफ करून ठेवा, पेनड्राइव्हवर एक आणि ईमेलवर एक. कारण सॉफ्टवेअर आपल्यापेक्षा आधी जातं. मायक्रोसॉफ्ट मनी हे घरहिशोबाचं सॉफ्टवेअर वापरणारे लोक होते, २००९ मध्ये त्याची विक्री बंद झाली. त्याच वर्षी अमेरिकेत इंट्युइट कंपनीने मिंट नावाचं घरखर्चाचं फुकट ॲप १७ कोटी डॉलरला घेतलं, सगळ्यांना वाटलं आता हे कायमचं, मार्च २०२४ मध्ये तेही बंद. म्हणून नवीन काही घेताना मी पहिला प्रश्न हाच विचारते की माझी माहिती मला हव्या त्या दिवशी बाहेर काढता येते का, रंगीत चित्रं नंतर.

एक तक्रार बँकांबद्दल आहे आणि ती तुम्ही छापाल तर बरं होईल. आपल्याकडे अकाउंट ॲग्रिगेटर म्हणून चांगली व्यवस्था आहे, रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये नियम केले, सप्टेंबर २०२१ पासून सुरू झाली, आपण संमती दिली तरच एका बँकेची माहिती दुसरीकडे जाते, मधल्याला ती वाचता येत नाही आणि संमती आपण कधीही काढून घेऊ शकतो. पण ती प्रामुख्याने कर्ज देणाऱ्यांच्या आणि वित्तसंस्थांच्या सोयीची आहे. मला माझ्याच घरच्या कॉम्प्युटरवर माझंच स्टेटमेंट हवं असेल तर पुन्हा तोच पासवर्डवाला पीडीएफ. आमच्या चार बँकांचे चार नमुने, एकीत पैसे काढले-भरले असे दोन रकाने, दुसरीत एकच रकाना आणि पुढे डीआर-सीआर (नावे-जमा), तिसरीत तारीख मजकुरात. सगळ्यांनी मिळून एकच साधा नमुना ठरवला, तारीख, तपशील, जमा, नावे, शिल्लक, तर काय बिघडेल? कर्ज विकायचं असलं की आमची सगळी माहिती एका क्लिकवर जाते, आम्हाला आमचा हिशोब ठेवायचा असला की हेलपाटे. तुमच्या अर्थविषयक पानावर कुणा जाणकाराने यावर लिहावं अशी विनंती, आणि पुढच्या जानेवारीत संकल्पांच्या पानावर ॲपच्या नावाआधी खात्यांच्या यादीसाठी एक कोरा तक्ता छापावा, लोक कापून कपाटाला चिकटवतील.

आपली,
एक नियमित वाचक
पाचपाखाडी, ठाणे

ता. क. पत्र टाकायच्या आधी कालच भिशीची चिठ्ठी निघाली, माझंच नाव आलं, दुसराच महिना. म्हणजे तालमीच्या फाइलमध्ये आज माझ्या नावावर सोळा हजार देणं आहे आणि पर्समध्ये वीस हजार. मिस्टर म्हणतात वॉशिंग मशीन घेऊ.